काशीची आत्या

आमच्या घरात एका बाईविषयी दोन वाक्यं बोलली जात. पाहुण्यांसमोर मोठ्यानं बोलायचं ते असं, 'आत्या काशीला गेली.' आणि माजघरात, दार लोटून, हलक्या आवाजात बोलायचं ते असं, 'आत्याला काशीला पाठवली.' लहानपणी मला या दोन्हींत काही फरक आहे असं वाटत नसे. काशी म्हणजे पुण्य, एवढंच ठाऊक. 'काशीस जावे नित्य वदावे' ही म्हण आजी दिवसातून एकदा तरी म्हणायची. मग जी बाई खरोखरच काशीला गेली, तिचं नाव निघाल्यावर सगळ्यांचे चेहरे का पडत, हे कळायचं ते वय नव्हतं.

ही आत्या बाबांची. म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. आम्ही मुलं तिला 'काशीची आत्या' म्हणत असू, तिला कधी पाहिलं नसतानाही. जन्म १९१७ चा, राजापूरजवळच्या खेड्यातला. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी नवरा वारला. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा सत्तरहून अधिक वर्षं झाली होती. अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला त्यालाही तीसेक वर्षं उलटली होती. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे आत्याला तो काही कामाचा नव्हता. कायदे आणि आश्रम पुण्यामुंबईत होते, आत्या राजापूरच्या खाडीकाठी होती. आठ वर्षं माहेरच्या स्वयंपाकघरात काढल्यावर १९३६ मध्ये काशीयात्रेला निघालेल्या मंडळींबरोबर तिला धाडलं. जैतापूरहून आगबोटीनं मुंबई, तिथून आगगाडीनं बनारस. मंडळी परत आली, आत्या आली नाही.

राजापूरच्या माणसाला खरं तर गंगेसाठी घर सोडायची गरज नाही, असं आम्ही अभिमानानं सांगतो. गंगाच आमच्याकडे येते. उन्हाळे गावाजवळच्या डोंगरउतारावर चौदा कुंडं आहेत. एरवी कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक भरून वाहू लागतात. 'गंगा आली' अशी हाक उठते आणि कोकणातून, घाटावरून माणसं लोटतात. त्यांतल्या एकाचं नावच काशीकुंड. म्हाताऱ्या शेतकऱ्याला काशीप्रयागाची वारी झेपेना, म्हणून गंगाच त्याच्या शेतात उतरली, अशी त्यामागची कथा. जमिनीतल्या पाण्याच्या दाबाचा हा चमत्कार असणार, असं मी शाळेत असताना एकदा म्हणाले होते. आजी म्हणाली, "असेल. पण तो दाब काशीपर्यंत जात नाही कशावरून?" आजीशी वाद घालण्यात अर्थ नसे.

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना आईला एक पत्र्याची पेटी सापडली. आत मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. आधी पणजोबांनी आणि नंतर आजोबांनी आत्याला पाठवलेल्या पैशांच्या. आरंभी पाच रुपये, मग दहा, शेवटी पंधरा. पहिली पावती १९३६ ची. शेवटची मनीऑर्डर १९७४ ची, तीच परत आली होती, घेणारी मृत झाल्याचा शेरा घेऊन. प्रत्येकीवर पत्ता एकच: मुन्शी घाट, बनारस.

आई त्या पावत्या तारखेप्रमाणे लावत बसली होती. तिला असली कामं मनापासून आवडतात. तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली. "हे बघ. १९४० च्या श्रावणापर्यंत अंगठा आहे. पुढच्या महिन्यापासून सही."

खरंच होतं. निळ्या शाईचा अंगठा, अंगठा, अंगठा, आणि मग एकदम, वेडीवाकडी पण स्पष्ट बाळबोध अक्षरातली सही. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत ते अक्षर सरळ होत गेलं होतं आणि १९५० च्या आसपास तर चक्क देखणं झालं होतं. पेटीत तळाशी एक पोस्टकार्डही होतं, १९५३ चं, आजोबांच्या नावे, त्याच अक्षरात. तीनच ओळी. तू येऊन गेलास, बरे वाटले, घरी चल म्हणालास, पण मला येथे कामे आहेत, मुलांना आशीर्वाद.

कामं? काशीत पडलेल्या विधवेला कसली कामं? आई दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिचं पाणी कुणीच सोडलेलं नसणार. आपण जाऊन येऊ." आईच्या नात्यानं ती आत्येसासू. तिला पाहिलेलं नाही, तिचं काही देणं नाही. पण बाबांच्या मागे आईनं टिकली लावणं सोडलं नाही, रंगीत साड्या सोडल्या नाहीत, आणि त्याबद्दल तिला कुणी चकार शब्द बोललं नाही. हे आपल्याला फुकट मिळालेलं नाही, कुणीतरी आधी त्याची किंमत मोजली आहे, असं काहीसं तिच्या मनात असावं. ती असलं बोलून दाखवत नाही. २०२३ च्या कार्तिकात आम्ही दोघी महानगरी एक्सप्रेसनं निघालो.

मुन्शी घाट सापडायला सोपा आहे. दशाश्वमेध घाटावरून नदीकडे तोंड करून उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे चालू लागावं. शीतला घाट, मग अहिल्याबाई घाट, आणि त्याला लागून मुन्शी घाट. पुढचा दरभंगा घाट. मुन्शी आणि दरभंगा वेगळे करायचे तर वर्मी दृष्टी हवी, कारण दोन्हींच्या डोक्यावर दगडी वाड्याची एकच थोरली भिंत उभी आहे. पायऱ्या उभ्या चढणीच्या. आम्ही गेलो तेव्हा पावसाळ्यात साचलेला गाळ पंपाच्या पाण्यानं धुऊन काढायचं काम चाललं होतं. संध्याकाळी उंच बांबूंवर टोपल्यांतले आकाशदिवे चढत. पितरांना वाट दिसावी म्हणून हे दिवे असतात. आमच्या पितराला वाट कुठली दाखवायची, राजापूरची की इथलीच, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

घाटाला ज्यांचं नाव आहे ते मुन्शी आपलेच. श्रीधर मुन्शी हे नागपूरकर भोसल्यांचे कारभारी. १८१२ च्या सुमारास त्यांनी हा घाट आणि वरचा वाडा बांधला. 'मुन्शी' म्हणजे त्या काळच्या दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. मोठं नाजूक काम. कुणाला काय लिहायचं, त्याहून काय लिहायचं नाही, हे ज्याला कळतं तो मुन्शी. नागपूरच्या गादीवर तेव्हा दुसरे रघूजी होते. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक गेलं होतं, वऱ्हाड गेलं होतं. इंग्रजांचा फास आवळत होता आणि कारभाऱ्यांना ते सगळ्यांत आधी दिसत असणार, कारण पत्रं त्यांच्याच हातांतून जात. अशा काळात नागपूरच्या कारभाऱ्यानं शेकडो मैलांवर, गंगेच्या काठी, चुनारचा दगड आणून वाडा बांधावा, यात भक्ती किती आणि सावधपणा किती, हे त्याचं त्याला ठाऊक. १९१५ मध्ये हा वाडा बिहारातल्या दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला आणि वाढवला. आता त्यात मोठं हॉटेल आहे. वाड्याला दरभंग्याचं नाव लागलं, पण त्याखालच्या पायऱ्यांवरून मुन्शींचं नाव काही निघालं नाही.

मराठ्यांच्या इतिहासातली एक गंमत इथे बसल्यावर कळते. काशीवर आपलं राज्य व्हावं ही पेशव्यांची फार इच्छा. ती कधी पुरी झाली नाही. आधी अयोध्येचे नवाब आडवे आले, मग १७७५ मध्ये बनारस कंपनीच्या हाती गेलं. राज्य मिळालं नाही, तेव्हा मराठ्यांनी काठ बांधला. दशाश्वमेधाची बांधणी बाळाजी बाजीरावांची. भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे. शिंद्यांच्या घाटाला तर दगडाचा भारच सोसला नाही, तो नदीत खचला आणि पुढे परत बांधावा लागला. राज्य नसलेल्या गावात इतका पैसा ओतणारे दुसरे कुणी मला माहीत नाहीत.

आणि हे राजेरजवाडे येण्याच्याही पूर्वी आपले शास्त्री-पंडित इथे येऊन बसले होते. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांच्या पुढाकारानं सोळाव्या शतकात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले. एकनाथांनी आपलं भागवत १५७३ मध्ये पुरं केलं ते काशीतच. प्राकृतात भागवत लिहिलं म्हणून इथल्या पंडितांनी आधी नाथांना जाब विचारला आणि मग त्याच ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक काढली, अशी कथा आहे. हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ बाबूराव विष्णू पराडकर याच काशीत १८८३ मध्ये मराठी घरात जन्मले. 'आज' दैनिकाचे ते संपादक. पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्गात आम्हाला बाळशास्त्री जांभेकर शिकवले, 'दर्पण'ची तारीख पाठ करून घेतली, पण पराडकरांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते काशीतल्या एका रिक्षावाल्याकडून. त्यांच्या नावाचं पत्रकार भवन तिथे आहे.

पण आत्याचा शोध घ्यायला हे सगळं पुरेसं नव्हतं. इतिहासात बांधणाऱ्यांची नावं असतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची नसतात.

आम्हाला वाट सापडली ती पुराणातल्या एका कथेच्या बोटाला धरून. त्याचं असं झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दक्षिणेकडचे घाट बघायचे होते. दरभंगा, राणामहाल, आणि मग चौसट्टी घाट. चौसष्ट योगिनींचा घाट. आईला या योगिनींची कथा मुखपाठ होती, कारण तिच्या माहेरी काशीखंडाची पोथी वाचत. पायऱ्यांवर बसून तिनं ती मला सांगितली, तिच्याच शब्दांत.

एकदा फार मोठा दुष्काळ पडला. ब्रह्मदेवानं दिवोदास नावाच्या राजाला काशीचं राज्य करायला सांगितलं. राजानं अट घातली, की मी नीट राज्य करीन, पण देवांनी इथून निघून जायचं. म्हणजे शंकरालासुद्धा काशी सोडून मंदार पर्वतावर जाऊन राहावं लागलं. देवाला घर सोडावं लागलं आणि घराच्या आठवणीनं देव झुरू लागला. राजाच्या कारभारात काहीतरी खोट निघाली की परत जाता येईल, म्हणून त्यानं ती खोट शोधायला चौसष्ट योगिनींना काशीला पाठवलं. त्या वेष पालटून गावात शिरल्या. कुणी माळीण झाली, कुणी सुईण, कुणी हात बघून भविष्य सांगू लागली. वर्षभर राहिल्या. खोट काही सापडली नाही. परत कुठल्या तोंडानं जायचं? आणि एव्हाना गाव आवडलं होतं. योगिनी इथेच राहिल्या. मग ब्रह्मदेवाला पाठवलं. त्यानं राजाकडून दहा अश्वमेधांची सामग्री मागितली, काहीतरी चुकेल म्हणून. राजानं सगळं यथासांग पुरवलं. ब्रह्मदेवही राहिला. ते दशाश्वमेध.

म्हणजे बघा, मुन्शी घाटाच्या एका अंगाला पाठवलेल्या योगिनी, दुसऱ्या अंगाला पाठवलेला ब्रह्मदेव. दोघंही कामगिरीवर आले आणि घरी गेले नाहीत. मी आईला म्हणाले, "आत्यासारखंच." आईला ते आवडलं नाही. "योगिनींना शंकरानं पाठवलं होतं. तिला तिच्या बापानं पाठवली. शिवाय योगिनींची डोकी भादरली नव्हती."

आमचा हा वाद तिथून सुरू झाला तो परतीच्या प्रवासापर्यंत चालला.

कथा सांगून झाल्यावर शेजारच्या पायरीवर स्नान आटोपून बसलेल्या एका बाईंनी मराठीत विचारलं, "कुठून आलात?" काशीतली मराठी. शब्द आपले, हेल तिकडचा. त्यांनीच ब्रह्माघाटाजवळच्या एका मराठी गुरुजींचं घर सांगितलं. दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा भाग काशीतल्या मराठी मंडळींचा जुना मोहल्ला. बाजीरावांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात इथे येऊन राहिले, तेव्हापासूनचा. अजून तिथल्या गल्ल्यांत गणपती बसतो आणि दारातून वरणफळांचा वास येतो.

गुरुजींनी आधी आमच्या गावाचं नाव विचारलं, आडनाव नंतर. तीर्थोपाध्यायांची ही पद्धत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या, गावागावांप्रमाणे लावलेल्या. आलेला यात्रेकरू आपल्या हातानं आपली वंशावळ लिहून जातो. बोट फिरवत फिरवत गुरुजी शके १८७५ च्या पानावर थांबले. म्हणजे १९५३. माझ्या आजोबांचं अक्षर होतं ते. पणजोबांच्या अस्थी घेऊन आले होते. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, स्वतःचं, पत्नीचं, मुलांची. सगळं ठसठशीत. बहिणीचं नाव नव्हतं. वंशावळीत मुलीचं नाव लिहीत नाहीत, ती दुसऱ्या घरची. खाली सुटलेल्या जागेत, वेगळ्या हातानं, बारीक अक्षरात एक ओळ होती. नुसतं पाळण्यातलं नाव आणि पुढे 'मुक्काम मुन्शी घाट'. आडनाव नाही, माहेरचंही नाही, सासरचंही नाही.

मी पर्समधून मनीऑर्डरची पावती काढून शेजारी धरली. अक्षर तेच.

आतल्या खोलीतून गुरुजींच्या आई बाहेर आल्या. ऐंशी उलटलेल्या, लग्न होऊन १९५६ च्या सुमारास याच घरात आलेल्या. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं, पावती हातात घेतली, आणि म्हणाल्या, "अगो बाई! ही तर मुन्शीण!"

आम्हाला वाटलं, मुन्शी घाटावर राहणारी म्हणून मुन्शीण. तसं नव्हतं. आत्या पत्रं लिहायची. काशीत तेव्हा देशोदेशीच्या विधवा होत्या, बंगाली, मैथिली, आपल्याकडच्या. बहुतेकींना अक्षरओळख नाही. घरून पैसे आले नाहीत तर आठवण करायला, भाच्याच्या मुंजीला आशीर्वाद कळवायला, कधी नुसतंच अजून जिवंत आहे हे सांगायला पत्र लागे. मराठी बायकांची पत्रं आत्या मराठीत लिहायची, इतरांची हिंदीत. दुपारी वाड्याच्या भिंतीच्या सावलीत पायरीवर बसायची, पाटी पालथी घालून तिच्यावर कागद. "फुकट नाही हो लिहायची," आजी म्हणाल्या. "एका पत्राला एक आणा. नंतर दहा पैसे. आणि जास्त रडवं पत्र लिहायची नाही. बाई सांगायची, लिही की मी मरायला टेकले आहे. ही म्हणायची, टेकली नाहीस, नीट सांग."

अक्षर कुणी शिकवलं? आजींना नक्की सांगता आलं नाही. कुणी शेजारीण असेल. मला मात्र ते १९४० चं भाद्रपद दिसत राहिलं. अंगठ्यानंतरची पहिली सही. तेवीस वर्षांची बाई पोस्टमनसमोर पहिल्यांदा आपलं नाव लिहिते आहे.

जेवणाचं काय करायची, असं आईनं विचारलं. सकाळी अन्नछत्रात, संध्याकाळी स्वतः, असं उत्तर मिळालं. काशीत कुणी उपाशी राहत नाही, अन्नपूर्णा बघते, असं सगळे सांगतात. पण त्याच काशीखंडात व्यासांची कथा आहे. व्यासांना इथे सलग काही दिवस भिक्षा मिळाली नाही. भुकेनं कळवळून त्यांनी गावाला शाप दिला, की तीन पिढ्या इथे विद्या, धन आणि मुक्ती यांपैकी काही मिळणार नाही. तेव्हा अन्नपूर्णा साध्या गृहिणीच्या रूपानं आली, तिनं त्यांना पोटभर जेवू घातलं, आणि शंकरानं त्यांना गावाबाहेर काढलं. रामनगरच्या बाजूला व्यासकाशी आहे ती त्यामुळे. मला या कथेतलं एक आवडतं. व्यासांसारखा ऋषीसुद्धा पोट रिकामं असलं की शिव्याशाप देतो. दोन वेळच्या जेवणाची सोय झाल्यावर मगच मोक्षाची भाषा सुचते, हे काशीखंड लिहिणाऱ्याला चांगलं माहीत होतं.

मुन्शी घाटावरून मला आणखी एक दिसलं, जे कुठल्या मार्गदर्शक पुस्तकात मी वाचलं नव्हतं. शेजारचा घाट अहिल्याबाईंचा. त्यांनी १७८० मध्ये विश्वनाथाचं आजचं देऊळ उभारलं. अहिल्याबाई एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले तेव्हा. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये बांधला बायजाबाई शिंद्यांनी. दौलतराव त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. दुर्गाकुंडाचं देऊळ बांधलं बंगालच्या राणी भवानीनं. तीही विधवा. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथाचं नवं प्रशस्त प्रांगण खुलं झालं, त्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. रोज हजारो माणसं त्यांना हात जोडून पुढे जातात. आज आपण ज्या काशीचं दर्शन घेतो तिच्यातला केवढा तरी भाग विधवांनी बांधलेला आहे, आणि त्या काशीत मरायला पाठवल्या गेल्या त्याही विधवाच. फरक काय, तर एकींच्या हातात दौलत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे मुन्शी घाटावर आत्याला तिलांजली दिली. पाणी सोडायला आई बसली, मी तीळ-दर्भाची पुडी धरून होते. गुरुजींनी गोत्र विचारलं. आई थबकली. लग्न झालेल्या बाईचं गोत्र सासरचं. आत्याच्या सासरचं गोत्र आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते घर आता कुठे आहे, आहे की नाही, तेही नाही. दोन वर्षांचा तो संसार, त्यातही ती किती दिवस सासरी होती कोण जाणे. "माहेरचं सांगू का?" आईनं विचारलं. गुरुजी म्हणाले, "गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं. शास्त्रात सोय आहे." ही सोय मला फार सोयीची वाटली. पण आईनं पहिल्यांदा काश्यप म्हटलं, आणि दुसऱ्या ओंजळीला हळूच आमचंही गोत्र म्हटलं. गुरुजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग वहीत नोंद करायची वेळ आली. मी वंशावळ लिहिली. माझं नाव लिहिलं, आईचं लिहिलं, बाबांचं लिहिलं. आजोबांच्या शेजारी, जिथे भावंडं लिहितात तिथे, आत्याचं नाव लिहिलं. आईनं पेन मागून घेतलं आणि त्यापुढे कंसात 'मुन्शीण' असं लिहिलं.

परतीच्या गाडीत आमचा वाद पुन्हा निघाला. माझं म्हणणं असं, की 'मला येथे कामे आहेत' हे आत्यानं खरं लिहिलं होतं. तिचं गिऱ्हाईक होतं, तिचा दर होता, तिला लोक नावानं ओळखत होते. १९५३ मध्ये ती राजापूरला आली असती तर पुन्हा त्याच स्वयंपाकघरात आली असती, लाल आलवणात, पाटाच्या खालच्या जागी. तिनं काशी निवडली. गेली आणि पाठवली यांच्यापलीकडे तिसरं एक वाक्य आहे, की ती राहिली.

आई खिडकीबाहेर बघत होती. जबलपूर मागे पडलं होतं. म्हणाली, "सतरा वर्षांनी भाऊ आला. चल म्हणाला. तोपर्यंत कुणी एकदा तरी आलं असतं तर तिनं काय लिहिलं असतं, ते तुला नाही ठाऊक, मला नाही ठाऊक. रडवं पत्र लिहायची नाही, असं त्या आजीच म्हणाल्या ना? मग स्वतःचं तरी कशाला लिहील?"

मला उत्तर सुचलं नाही. मी घरी येऊन लिहिणार आहे हे तिला माहीत होतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तू तुझं लिही. मुन्शीण होती, पैसे घ्यायची, सगळं लिही. पण तिला आधी कुणी विचारलं नव्हतं, हेही लिही."